पसरणीचा घाट आणि आईचं पोट

आमच्या आईला गाडी लागते. म्हणजे जरा मळमळलं, लिंबू हुंगलं आणि झालं, असलं नव्हे. माधवनगरहून सांगलीच्या स्टँडपर्यंत रिक्षानं आली तरी उतरल्यावर ती पायरीवर डोकं धरून बसायची. सरळ रस्ता ती दात आवळून निभावून न्यायची, पण वळणं सुरू झाली की चेहरा पांढराफटक. आणि हिची एकुलती एक बहीण दिली कुठं, तर पाचगणीच्या पलीकडं, घाट चढून वर. ती सोयरीक ज्यानं कुणी जमवली त्याचा मला अजून राग येतो.

दोघी बहिणी रहिमतपूरच्या. त्यांच्या भेटी माहेरीच व्हायच्या, कुणाच्या लग्नात नाहीतर जत्रेला. आई पॅसेंजरनं जायची. आगगाडी तिला लागत नाही, का ते देवाला ठाऊक. पुढं मामा पुण्याला गेला आणि माहेरचं घर बंद झालं. त्यानंतर मावशी अंगणात घसरून पडली, खुबा मोडला. आता ती खाली येणार नाही आणि आईला वर जाता येत नाही, असा सगळा पेच. आई एकदा हिय्या करून एकटीच एसटीनं निघाली होती. घाटाच्या पहिल्या चार-सहा वळणांतच तिची अशी गत झाली की कंडक्टरनं तिला उतरवून वाईकडं येणाऱ्या गाडीत बसवून दिलं. मावशीला हे कळलं तेव्हा तिनं फोनवर सांगितलं, "माझ्यापायी जीव काढू नगंस. तू न्हाई आलीस तरी मी काय रुसत न्हाई." तेवढ्यावर आई दोन दिवस धड जेवली नाही.

मी तेव्हा इस्लामपूरला शाळेत शिकवत होते. नव्यानं गाडी शिकले होते आणि एक जुनी फियाट घेतली होती. म्हटलं, आई, मी नेते तुला. हळू नेते, म्हणशील तिथं थांबवते. वडील म्हणाले, मी पुढं बसतो. आमच्या आबांचा जन्म मिलमधल्या मागांच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळं कान अधू आणि साधं पाणी मागायचं तरी ओरडून. स्टिअरिंगला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता, पण घाटात गाडी कशी घालायची हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

निघायच्या दिवशी शेजारणींनी आपापली औषधं आणून दिली. आवळासुपारी, आलेपाक, लिंबू. एकीनं सांगितलं, पेपरावर बस, मग लागत नाही. आई बिचारी कालचा पेपर नीट पसरून त्यावर बसली. आबा म्हणाले, "तो मी वाचलेला नाही." सगळ्या आळीला ऐकू गेलं.

वाईपर्यंत आई डोळे मिटून कशीबशी आली. पसरणीचा घाट लागला आणि तिसऱ्याच वळणाला मागून तिचा हात माझ्या खांद्यावर पडला. मी गाडी कडेला घेतली. ती उतरली, ओकली, तोंड धुतलं आणि कठड्याला टेकून वर बघत उभी राहिली. खाली धोम धरणाचं पाणी चकाकत होतं, वाई एवढीशी दिसत होती. लोक मुद्दाम थांबून फोटो काढतात अशी ती जागा. आईनं तिकडं ढुंकून पाहिलं नाही. रस्ता सोडून डोंगरातनं एक पायवाट वर चढत होती, तिच्याकडं बघत होती.

"तुमी व्हा फुडं," म्हणाली. "मी हितनं येते."

मी भडकले. म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं, केवढा घाट आहे हा, पन्नाशी उलटलीय तुझी. ती म्हणाली, "पाय माझं धड हायेत गं. पोटच तेवढं नालायक हाय." आणि साडीचा काष्टा ओढून चालायलाच लागली.

मग काय करता. मी गाडी वळणावरून वळवून वर नेऊन उभी करायची, ती झुडपांतून वर यायची, घोटभर पाणी प्यायची, पुन्हा पायवाट धरायची. फियाटसुद्धा तिचीच बहीण निघाली, दर थोड्या वेळानं उकळायला लागायची. बॉनेट उघडून, ओलं फडकं टाकून आम्ही बसायचो. आबा चढ बघून ओरडायचे, "आली का? आली का?" त्यांची काळजी अशी ओरडूनच बाहेर पडते. एका टप्प्यावर ती अनवाणी आली, चपलेचा अंगठा तुटलेला. मी माझी चप्पल काढून दिली तर म्हणाली, तुझी मला मोठी हुईल, पाय घसरंल. माझा राग केव्हाच गेला होता. एवढ्या उन्हात लालबुंद झालेली ती बाई मला फार आवडली.

पाचगणीच्या पुढं रस्ता बरा होता. काच उघडी ठेवून, वाऱ्याला तोंड देऊन ती तेवढं बसली. मावशीच्या गावाशी आलो तशी म्हणाली, "आक्काला सांगू नगा. घाट चालत आले म्हणून कळलं तर तिच्या जिवाला लागंल." मी आबांच्या कानाशी तोंड नेऊन हे तीनदा सांगितलं.

मावशी ओसरीच्या पायरीवर काठी घेऊन बसलेली. आम्ही दिसल्यावर तिनं आत हाक मारली. तिच्या सुनेनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर घालायला पाण्याचा तांब्या आणला. तो मावशीनं तिच्या हातून घेतला. "हिच्या पायावर मी घालणार," म्हणाली.

आई खालच्या पायरीवर उभी राहिली. "कशी आलीस गं?" मावशीनं विचारलं.

"गाडीतनं की. लेकीनं आणलं, आगदी आरामात."

मावशीनं पाणी ओतलं. घोट्यापर्यंत चढलेली तांबडी माती वाहायला लागली. मावशीचा हात थांबला. आबा काहीतरी बोलायला तोंड उघडत होते, मी त्यांचा दंड धरला. मावशी वाकली, खुबा दुखत असणार, तरी वाकली, आणि आईची टाच तळहातानं चोळायला लागली. बोटांच्या बेचक्यांत, काट्यांनी ओरखडलेल्या पोटऱ्यांवर. तांब्या संपला, तिनं दुसरा मागवला.

"आक्का, पुरं की आता. निघाली माती."

"गप ऱ्हा," मावशी म्हणाली. "परत एवढं उतरायचं हाय तुला."