आत्यांच्या हातचं फूल

"थांबा, फूल असं कुणालाही नसतं द्यायचं," असं म्हणत आत्या समोरच्याचं मनगट धरायच्या. मग तो हात नवरदेवाच्या मामाचा असो, नाहीतर खुद्द भटजींचा.

मी डहाणूत लग्नांचे फोटो काढायचो. आत्यांचा भाचा मांडवाची आणि फुलांची कामं घ्यायचा. चिंचणीपासून तलासरीपर्यंत त्याला कामं मिळायची ती आत्यांमुळे. कुणाला कोणतं फूल, कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर, हे लोक त्यांनाच विचारत. भटजींचा हार झेंडू-तुळशीचा, आणि तो सगळ्यांच्या आधी. करवलीचा गजरा नवरीच्या गजऱ्याहून बोटभर आखूड. मामांना छातीवर गुलाब, "पण घट्ट टाचून. मामा नाचतात आणि गुलाब वरणात सापडतो." एकदा एका तरुण भटजींनी घाईत नवऱ्याच्या मागून हार घालून घेतला. आत्यांनी दोघांचेही हार उतरवले आणि पुन्हा क्रमानं घातले. मंगलाष्टका म्हणताना भटजींचा एक डोळा पोथीवर होता, एक आत्यांवर.

अशी एखादी बाई तुमच्याही ओळखीत असेल. आपण तिला हसतो, पण ती आली नाही तर लग्न अडतं.

आत्यांचा हा नेम मात्र कधीकधी कुणाला फार महाग पडायचा. एका लग्नात नवरीनं आपल्या विधवा आईच्या केसांत स्वतःच्या हातानं गजरा माळला. आत्या भर मांडवात पुढे झाल्या, त्यांनी गजरा ओढून काढला. "वहिनी, राग मानू नका. मुलीच्या सुखासाठीच सांगते." ती आई हसली. हसत हसतच तिनं विस्कटलेले केस सारखे केले. नवरीनं मान खाली घातली ती जेवणं होईपर्यंत वर केली नाही.

आत्यांच्या स्वतःच्या अंबाड्यावर गजरा कायम असे. नवरा कधीकाळी वापीला नोकरीला गेला आणि त्यानं तिथेच दुसरं घर केलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "आहेत ना कुठेतरी," एवढंच त्या म्हणत आणि ठसठशीत कुंकू लावत.

2016 च्या उन्हाळ्यात बोर्डीला एका वाडीत लग्न होतं. आत्या फुलांचं तबक घेऊन फिरत होत्या. वरपक्षाकडचे एक गुजराती गृहस्थ त्यांच्याकडे निरखून बघत होते. जवळ येऊन त्यांनी आत्यांच्या नवऱ्याचं नाव घेतलं. "बेन, तुम्ही त्यांच्या पहिल्या घरवाल्या ना? भला माणूस. होळीच्या आधी गेले. मी स्मशानात होतो ना."

आत्यांनी भाच्याकडे पाहिलं. तो जवळ येऊन पुटपुटला, "सीझन संपला की सांगणारच होतो, आत्या. ऑर्डरी घेऊन बसलो होतो."

तोवर यजमानीणबाईंनी तबक काढूनही घेतलं होतं. "आत्या, तुम्ही बाहेर बसा. मुहूर्त टळेल." वाईट झालं, एवढंही कुणी म्हणालं नाही. आत्यांनी अंबाड्यावरचा गजरा हिसडून काढला, त्याबरोबर चार केसही आले. बाहेर जाताना त्या मला म्हणाल्या, "फोटोवाले, होळीनंतर आपण कोणकोणती लग्नं केली?"

मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. तसं नव्हतं. आपला हात लागलेल्या नवऱ्या त्या आठवत होत्या.

फूल दिलं तेव्हा आपण विधवा होतो, हे आत्यांना त्या प्रत्येकीच्या घरी जाऊन सांगायचं होतं. भाच्याच्या टेम्पोत त्या पाय ठेवीनात, म्हणून माझ्या स्कूटरवरून नेलं. बहुतेक जण म्हणाले, "असू दे, आत्या." आम्ही वळलो की मागे उंबऱ्यावर पाणी ओतल्याचा आवाज यायचा.

त्यांतल्या धाकटी डहाणू गावच्या एका नव्या सुनेचं पोट नुकतंच पडलं होतं. सासू सुकट पसरत होती. आत्यांचं बोलणं ऐकून ती उठली. "तुमच्याच हातचं फूल होतं ना?"

"माझ्याच."

"आई, त्यांना तरी कुठे माहीत होतं?" सून आतून म्हणाली.

"तू गप पड." सासूनं आत्यांना ओट्यावर चढू दिलं नाही. आत्यांनी खालच्या पायरीला डोकं टेकवलं.

परतताना मी म्हणालो, "असं काही नसतं हो, आत्या."

मागच्या सीटवरून त्या म्हणाल्या, "नसतं, तर त्या वहिनींचा गजरा मी कशाला काढला?"

त्यानंतर त्या उधव्याला लांबच्या बहिणीकडे राहायला गेल्या. पुढे धाकटी डहाणूच्या त्या सुनेला मुलगी झाली. तिनं मला बोलावून पेढे दिले. "आत्यांना द्या. सासूबाईंना कळू देऊ नका."

मी उधव्याला गेलो तेव्हा आत्या ओट्यावर नाचणी पाखडत होत्या. मी अंगणातूनच सांगितलं. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्याच क्षणी त्यांनी दोन्ही कान झाकले. "मला कशाला सांगितलंत? माझी सावली नको त्या पोरीवर." सूप तिथंच टाकून त्या आत गेल्या. कडी लागली.

मी पेढ्यांचा पुडा दाराशी ठेवला आणि निघालो. फाटकाशी पोचलो तेव्हा बंद दारामागून आवाज आला, "पोर अंगानं भरलेली आहे ना हो?"

"आहे," मी म्हणालो.

दार काही उघडलं नाही.