खिडकीपुरती झाडं

पाचगणीत माझ्या शाळेच्या खालच्या बाजूला एक निवृत्त सुभेदार राहायचे. जुन्या खिडक्यांची तावदानं जोडून त्यांनी काचघर उभारलं होतं. चहाच्या कपात मावेल एवढ्या बिगोनियाला भरगच्च फुलं आणायची आणि ती झाडं पुण्याला विकायची, हा त्यांचा चार वर्षांचा ध्यास.

"मास्तर, शहरातल्या माणसाला अंगण न्हाई, पण खिडकी हाय," ते म्हणायचे. उंच वाढलेल्या रोपाला "पलटणीत चालला असतास गड्या, हितं न्हाई," असं सांगून ते शेजाऱ्यांना देऊन टाकत.

पहिला माल निघायच्या आदल्या दुपारी गारपीट झाली. काचा फुटल्याचा आवाज ऐकून मी धावत गेलो. सुभेदार रोपांवर कांबळं ताणून धरून ओणवे उभे होते. टाळूवरून रक्त ओघळत होतं.

"लागलंय तुम्हाला, घरात चला."

"थांबा वो," म्हणत त्यांनी कांबळ्याचं टोक उचललं. खाली गुलाबी फुलं जशीच्या तशी होती.

"हाईत की सगळी!" सुभेदार मटकन खाली बसले आणि गारांच्या ढिगात बसूनच हसत सुटले.

जखम वरवरचीच होती. त्यांच्या डोक्याला पंचा बांधताना मलाही हसू आवरेना.