आत्याने घातलेलं माझं दुसरं बारसं

आमच्या आत्याला मान होता नाव ठेवायचा आणि सवय होती नावं ठेवायची. माझं 'मथुरा' हे नाव तिनेच कानात सांगितलं आणि पुढे माझ्या चालण्याला, बोलण्याला, स्वयंपाकाला नावं ठेवत राहिली. "भाकरी हाय का नकाशा?" हे तिचं त्यातल्या त्यात कौतुकाचं वाक्य.

आईवडील लवकर गेले. मखमलाबादच्या मळ्यात शेवंती खुडता खुडता तिनेच मला वाढवलं. मी मात्र कॉलेजात जाऊन परस्पर 'मीनल' झाले. लग्नानंतर कॅनडाला निघाले तेव्हा आभाळ भरून आलेलं, आणि मी बाईसाहेब गॉगल लावून उभी! "आत्या, मी काय परत नाशकात मरायला येणार आहे?" असं म्हणाले आणि रिक्षा समजून शेजारच्या भाजीच्या टेम्पोत चढायला लागले. गॉगलमधून दिसतंय कुणाला!

आत्या फोनवर इतकी ओरडायची की फोन नसता तरी कॅनडात ऐकू गेलं असतं. तिचं ऐकणं मात्र अर्धंच. पुढे आम्ही घर बदललं, इकडे तिचा लँडलाइन बंद पडला आणि बोलणंच तुटलं. नवरा गेल्यावर मला तिकडे करमेना. मनात धाकधूक घेऊनच परत आले आणि नाशकातल्या द्वारका चौकातून रिक्षाने थेट मळा गाठला.

आत्या ओट्यावर हार ओवत होती. मला पाहिलं आणि तिच्या हातातली सुई जागीच थांबली.

"पाय दाखव."

"अगं आत्या, मी..."

"आधी पाय दाखव!"

मी साडी घोट्याच्या वर उचलली. पावलं उलटी नाहीत हे तिने वाकून पाहिलं आणि मग तिला जो हुंदका फुटला! मला काहीच कळेना. आत डोकावले तर भिंतीवर मी. तोच गॉगल, आणि फोटोला ताज्या शेवंतीचा हार.

आत्याची सून सुमन चाचरत म्हणाली, "ताई, आत्याबाईंनी शेजारच्या मोबाइलवरून तुमच्या जुन्या घरी फोन लावला होता. तिथला कुणीतरी म्हणाला, 'वो तो चली गईं.' त्यांनी फोन ठेवला आणि सरळ डोक्यावरून पाणी घेतलं. रामकुंडावर तुमचा दहावा झाला. कावळा पण लगेच शिवला."

"लगेच?" त्या धक्क्यातही मला अपमान वाटला. म्हणजे माझी एकही इच्छा मागे राहिली नव्हती?

मी उंबरठ्याकडे पाऊल उचललं तर आत्या आडवी आली. "थांब. घासपाणी दिलेलं माणूस असं घरात घेता येत नाय. आधी जन्माला यावं लागतंय."

दुसऱ्या दिवशी माझं बारसं झालं. तोवर मी ओट्यावर, बाळंतिणीशिवायचं बाळ! पाळण्यात मावणं शक्य नव्हतं, म्हणून गुडघ्याला पट्टा बांधलेल्या मला फुलं लावलेल्या झोपाळ्यावर बसवलं. बायका पाळणा म्हणत होत्या, पोरी मोबाइलवर शूटिंग करत होत्या आणि मी हसू दाबत होते.

आत्या माझ्या कानाशी वाकली. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत हळूच बुक्के घातले. "कुर्रर्र" झालं. मी नावाची वाट पाहत होते. तिचे ओठ माझ्या कानाला टेकले.

"आता माझ्या आधी मरू नको गं पोरी. पुन्यांदा नाय जमायचं मला."

माझं हसू तिथेच थिजलं.

"काय नाव ठेवलं, काय नाव?" बायकांचा गलका झाला. आत्या डोळे पुसत ताठ झाली. "मथुराच! दुसरं कोणतं शोभतंय हिला?"

मी मळ्यातच राहिले. गेल्या माघात आत्या गेली, माझा हात हातात धरून. जन्मभर मी तिचं काही ऐकलं नाही. एवढं एक ऐकलं.