बाकावरची चिनी आजी

कॅनडात ब्रॉसार्डला लेकाकडे आल्यापासून मी रोज मॉलमध्ये चालायला जाते, म्हणजे बाकावर बसायला जाते. तिथे एक चिनी आजी भेटते. आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही, त्यामुळे मी सुनेचा फोटो दाखवून पोटभर बोलून घेते. ती थर्मासमधलं गरम पाणी फुंकत ऐकते, मध्येच माझ्या गुडघ्यावर थाप मारते आणि मग स्वतःचं सुरू करते.

काल सून मला न्यायला आली. "आई, निघायचं?" एवढंच म्हणाली बिचारी. म्हातारीने थर्मास खाली ठेवला, उठून आमच्या मध्ये उभी राहिली आणि डोळे वटारून सुनेला चिनीत झाडायला लागली.

"अगं, चांगली आहे ती!" मी म्हातारीचा कोट ओढत ओरडले.

सून माझ्याकडे वळली. "आई, यांना काय सांगितलंय तुम्ही?"

"मी काय सांगणार? तिला मराठी कुठे येतं!"