न बांधलेला लाल दोरा

घरातल्या माणसाचं तोंड आपण रोज बघतो, पण हसताना त्याचे वरचे दात नेमके किती दिसतात, असं कुणी विचारलं तर चाचपडतो. कवळीकाकांचं तसं नव्हतं. डॉक्टरांनी पाठवलेल्या मापांवरून प्लास्टरचे ठसे ओतायचे, मेणात दात बसवायचे, घासूनपुसून कवळी तयार करायची, हे काम ते तीस वर्षं करत होते. माणसाचं नाव विसरायचे, दात नाही.

आणि नाद एकच, हलती चित्रं घेणारा आठ मिलिमीटरचा, चावीचा कॅमेरा. त्यात ते रिव्हर्सल म्हणतात ती रंगीत फिल्म घालायचे. या फिल्मला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून फिरलेली पट्टीच धुऊन परत येते. खिडकीशी धरली की लाल ते लाल, पिवळं ते पिवळं.

"सरळ स्टुडिओत जाऊन फोटो काढावा की माणसानं," बायको म्हणायची.

"स्टुडिओवाला सगळ्यांना एकाच रंगात बुचकळून काढतो. हिच्यात मधे कुणी दलाल नाही."

ते खरंच होतं. पण पट्टी एकच, तिला जोड नाही. ती बिघडली की सगळंच गेलं. त्यात या फिल्मची आणखी एक खोड. तिची एक बाजू संपली की रीळ उलटून दुसरी बाजू घ्यायची. दोन्ही संपल्या की फिल्म पुन्हा आपल्या मूळच्या फिरकीवर येऊन बसते आणि अगदी कोऱ्या रिळासारखी दिसते. उघडून बघायची सोय नाही, उजेड लागला की नासली. म्हणून काकांचा नेम होता, रीळ संपलं की डबीत घालायचं आणि तिथल्या तिथे डबीला लाल दोरा बांधायचा. तीस वर्षांत हा नेम एकदाही चुकला नव्हता.

चुकला तो ताईच्या वेळी.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, त्यांच्याकडेच राहायची. तिच्या वरच्या जबड्यात गाठ निघाली. सर्जन म्हणाले, डावीकडचा जबडा आणि दात काढावे लागतील. नंतर दातांची प्लेट बसवू, म्हणजे बोलता येईल, जेवता येईल. "प्लेट तुम्हीच करा," असंही म्हणाले. काकांनी ठसा घेऊन ठेवला. पण ठशाला रंग नसतो, आणि ओठ कुठवर उचलला जातो हेही तो सांगत नाही. फोटो काढावा तर कॅमेरा दिसला की ताईचा दगड व्हायचा. तिचं हसू पकडायचं तर हलतं चित्रच हवं.

इस्पितळात जायच्या आदल्या दुपारी काकांनी तिला खिडकीशी बसवलं. आधी बराच वेळ ती फुगूनच होती.

"काय सोंग आहे हे! वेणी तरी घालू दे."

"घाल. तीही घेतो."

"आणि ऐक, नवे दात देशील ते सरळ दे. हा समोरचा तिरका दात घेऊन जन्म गेला माझा."

"सरळ दिला तर मी तुला ओळखायचा कसा?"

"आरशात बघून! तुझाही तसाच आहे, मेल्या!" म्हणत ताई अशी हसली की वेणी हातातून सुटली.

रीळ संपलं. काकांनी ते डबीत घातलं आणि दोऱ्याला हात घातला, एवढ्यात ताई हळूच म्हणाली, "बाळ्या, मी भ्यालेय रे."

पन्नाशीच्या बाळ्यानं तिचा हात हातात घेतला. दोरा टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या घाईत त्यांनी टेबलावरच्या, कालच्या आणि कोऱ्या, अशा दोन डब्यांतली एक उचलून कॅमेऱ्यात घातली. इस्पितळाच्या दाराशी ताईनं वळून हात हलवला. काकांनी बटण दाबलं, पण थोडीशीच फिल्म फिरली असेल. हे बघवेचना. त्यांनी भिंगावर झाकण बसवलं. अर्धवट रीळ काढलं तर उजेड लागतो, म्हणून घरी येऊन त्यांनी झाकण तसंच ठेवून दोन्ही बाजू संपवल्या. एवढासुद्धा धीर आपल्याला नाही, म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या. रीळ डबीत ठेवताना नजर दुसऱ्या डबीवर गेली.

दोरा एकाही डबीला नव्हता.

"म्हणजे काय झालं?" बायकोनं विचारलं.

"कोरं घातलं असेल तर ताई वाचली. कालचंच पुन्हा घातलं असेल तर तिच्या तोंडावर इस्पितळ छापलं गेलं."

"कळणार कसं?"

"धुऊन आल्यावर. उजेड न लागलेली फिल्म धुतली की काळी येते. एक रीळ पहिल्यापासून शेवटपर्यंत काळंकुट्ट आलं की समजायचं, ते कोरंच राहिलं आणि कालचंच दोनदा फिरलं."

दोन्ही डब्या टपालानं लांबच्या प्रयोगशाळेत गेल्या. ऑपरेशन झालं. ताई घरी आली ती अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी आणि हातात पाटी घेऊन. रोज पाटीवर एकच शब्द, 'आली?' काका म्हणायचे, "येईल." मेणात दात बसवायला घेतले की बोटं थांबायची. डोळे मिटून ताईचं हसू आठवायला जावं, तर दिवसागणिक ते पुसट होत चाललेलं. पोस्टमनची सायकल वाजली की ते चक्क आतल्या खोलीत जायचे.

चौथ्या आठवड्यात पुडकं आलं. काकांनी पहिलं रीळ सोडवून खिडकीशी धरलं. काळं. हातभर सोडलं, काळं. शेवटपर्यंत काळंच.

ते खाली बसले. "घातलं मी तिला मातीत," एवढंच म्हणाले.

"अशुभ बोलू नका," बायको म्हणाली. "दुसरं बघा."

"त्यात काय बघायचं?"

पाटीवर खडू वाजला. ताईनं लिहिलं होतं, 'बघ.'

दुसऱ्या रिळात ताई होती, आणि तिच्या कपाळातून इस्पितळाचं दार आरपार दिसत होतं. वेणी घालणाऱ्या ताईच्या गालावर दुसरी ताई हात हलवत होती, दोघी फिक्या, भुतासारख्या. काका एकेक वीत पुढे सरकवत गेले. आणि एकाएकी दार नाहीसं झालं.

त्यांना क्षणभर उमगेना. मग उमगलं. इथेच त्यांनी भिऊन झाकण लावलं होतं; पुढे फिल्मवर दुसरं काही छापलंच गेलं नव्हतं.

तिथून पुढे ताई एकटी, स्वच्छ, खिडकीच्या उजेडात. आणि रिळाच्या शेवटाला तोंडभर हसणारी.

प्रोजेक्टरवर चढवायची काकांची छाती होईना. अडकलं, जळलं, तर? त्यांनी फिल्म कडांना धरून, भिंग लावून, दातांच्या शेडची, म्हणजे रंगछटांच्या नमुन्यांची, पट्टी शेजारी धरली. मनात धरलेली शेड चुकीची होती. आठवणीतले दात फारच पांढरे होते. दोन घरं पिवळ्याकडे सरकून त्यांनी शेड नक्की केली, आणि मेणात समोरचा दात बसवला.

ताईनं वाकून पाहिलं. पाटीवर लिहिलं, 'तिरकाच?'

"तिरकाच."

ताईनं पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मेल्या.'

काकांनी रीळ डबीत घातलं आणि आधी दोरा शोधला.