सारवलेली जागा

इतकी वर्षं झाली, तरी पैनगंगेकाठची ती फिर्याद मी विसरलेलो नाही. नागपूरच्या धर्मांतराला वर्ष व्हायचं होतं. उमरखेड तालुक्यात मी नवखा ठाणेदार होतो आणि नवख्याला असते तेवढी घाई मलाही होती.

एका खेड्यातला विधुर ठाण्यात आला. घरातले देवांचे चांदीचे टाक चोरीला गेले होते. या माणसानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, देव सोडल्याची प्रतिज्ञाही म्हटली होती. मग टाक घरात कसे, असं विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "बायकोचे होते, साहेब. थे वारली. मंग सोडाले जीव झाला नाई."

खबऱ्यानं सांगितलं, शेजाऱ्याला भरदुपारी त्या घरातून निघताना पाहिलं. शेजाऱ्याला पूर्वी चोरीची शिक्षा झालेली. मला आणखी काय पाहिजे? त्याला कोठडीत टाकलं. "चुलीले विस्तू मागाले गेलतो, साहेब," एवढंच तो सांगत राहिला. मी दरडावलं, शिपायानं दोन लावल्या. आज लिहायला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला गेलो. देव्हारा रिकामा होता. बाकीचं घर तसंच, पण देव्हाऱ्याखालची तेवढी जमीन ताजी सारवलेली. घरातून मयत उचलल्यावर जागा सारवतात, तशी. चोर काही सारवून जात नाही.

"हे कोणी सारवलं?" मी विचारलं.

फिर्यादी वाकला, सारवणातल्या बोटांच्या रेघांवरून हात फिरवला आणि तिथेच खाली बसला. घरात सारवणारी एकच होती, त्याची अठरा वर्षांची मुलगी. ती दारातच उभी होती.

"म्याच नेले, बा. नदीत सोडले. शेजाऱ्याले धरलं हे आत्ताच समजलं, मी ठाण्यातच निघाली होती."

"मले काहून नाई विचारलं?"

"तुमी नाई म्हटलं असतं. मंग माह्याच्यानं झालं नसतं."

तो माझ्याकडे वळला. "साहेब, दीक्षा हिनं घेतली. म्या नुसते पांढरे कपडे घातले."

जबाबाच्या वेळी तो म्हणाला, "दोघायनं मिळून सोडले, असं लिहा." तसं लिहिता येत नव्हतं. घडलं ते लिहिलं आणि गुन्हा नसल्याचा अहवाल वर पाठवला.

जुनी शिक्षा म्हणजे पुरावा नव्हे, हे मी तेव्हा शिकलो. शेजाऱ्याला सोडलं तेव्हा त्या बापानं कोठडीच्या दारात त्याला हात जोडले. "चूक माही झाली, भाऊ." खरी चूक माझी होती. पण ठाणेदारानं कोठडीतल्या माणसाची माफी मागायची पद्धत नव्हती, आणि मी ती पद्धत मोडली नाही. त्या पोरीला जे जमलं, ते मला जमलं नाही.