कुलूप नागपुरात, फाइल ॲन आर्बरमध्ये

२००६ च्या मे महिन्यात बाबा माझ्याकडे अमेरिकेत, ॲन आर्बरला आले, तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात एक सीडी होती. पासपोर्ट बॅगेत, औषधं बॅगेत, पण सीडी खिशात. डेट्रॉइटच्या विमानतळावर मला बघितल्याबरोबर त्यांनी खिसा चाचपला आणि म्हणाले, "पुस्तक आणलंय."

बाबा नागपूरला पाटबंधारे खात्यात मुख्य लिपिक होते. निवृत्तीआधीच्या तीन वर्षांत, ऑफिस सुटल्यावर तासभर थांबून, त्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आपल्या आठवणी टाइप केल्या होत्या. त्यासाठी साहेबांची लेखी परवानगी घेतली होती. विषय होता आमच्या वस्तीतलं वाचनालय. माझ्या आजोबांनी ते टिनाच्या एका खोलीत सुरू केलं होतं. कोणी कुठलं पुस्तक दिलं, पेपर मोठ्याने कोण वाचायचं, ऐकायला बायका कुठे बसायच्या, असं सगळं. दोनशेबारा पानं. धम्मदीक्षेला त्या वर्षी पन्नास वर्षं होत होती. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे आपलंही पुस्तक असावं, एवढीच त्यांची इच्छा. माझं काम म्हणजे फाइल नीट लावून, चुका काढून, ऑगस्टमध्ये ते परत जातील तेव्हा सोबत द्यायची.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कॉम्प्युटर विभागात नोकरीला होते. म्हटलं, एका शनिवारचं काम.

सीडी लावली आणि स्क्रीनवर जे उमटलं ते मराठी नव्हतं. इंग्रजी अक्षरं, त्यांच्यावर टोप्या, टिंबं, खाली शेपट्या. ओळीच्या ओळी. बाबा माझ्या खांद्यावरून बघत होते.

"हे काय आहे?"

"बाबा, फॉन्ट नाहीये इथे. कुठलं सॉफ्टवेअर होतं?"

ते सरकारने घेतलेलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर होतं. त्याला कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या वायरीच्या जागी, अंगठ्याएवढी एक वस्तू लावावी लागे. ऑफिसात तिला 'लॉक' म्हणत. ती असली तरच मराठी दिसायचं.

"मग लॉक का नाही आणलं?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कलेक्टर कचेरीतली खुर्ची उचलून आणायला सांगत होते. "सरकारी मालमत्ता आहे ती."

नागपूरला फोन केला. बाबांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी सांगितलं, तो कॉम्प्युटर निर्लेखित होऊन भंगारात गेला, लॉकही त्याच्याबरोबरच गेलं असेल, नवीन सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फायली उघडत नाहीत, आम्हालाही त्रासच आहे. कंपनीला ईमेल केली. उत्तर आलं की ती आवृत्ती आता बंद आहे आणि फाइलची रचना आम्ही कोणाला सांगत नाही. मी दुसरी ईमेल केली. तेच उत्तर पुन्हा आलं, फक्त तारीख बदललेली.

सोमवारी ऑफिसात मी हे सगळं वैतागून माझ्या शेजारच्या टेबलवरच्या सहकारी बाईंना सांगितलं आणि तिथे चूक केली. त्या जर्मनीच्या. पन्नाशीच्या, सायकलवरून येणाऱ्या, बर्फातसुद्धा. त्यांचं काम जुन्या कॉम्प्युटर फायली जपून ठेवण्याचं होतं आणि त्या कामातून त्यांची काही मतं इतकी घट्ट झाली होती की लंचला त्यांच्यासमोर बसायला लोक कचरत. त्यांच्या शहराची नगरपालिका एका कंपनीचं सॉफ्टवेअर सोडून खुल्या सॉफ्टवेअरकडे चालली होती, हे त्या घरच्या लग्नकार्यासारखं सांगायच्या. अमेरिकन सरकारची एखादी वेबसाइट त्यांच्या ब्राउझरमध्ये उघडली नाही की त्या त्या खात्याला पत्र लिहायच्या. कागदावर.

त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या सरकारने स्वतःच्या भाषेची किल्ली एका कंपनीच्या खिशात ठेवली?"

"हो."

"आणि कोणी काही बोललं नाही?"

"मला भाषण नको आहे, फाइल उघडून हवी आहे," मी म्हणाले.

"दोन्ही एकच आहे," त्या म्हणाल्या.

मला अजून एक सोपा रस्ता माहीत होता. पुण्यातल्या एका मित्राकडे त्याच सॉफ्टवेअरची लॉक तोडलेली कॉपी होती. तसल्या कॉप्या तेव्हा ढीगभर फिरायच्या. मी घरी बाबांना सांगितलं, की दोन दिवसांत काम होईल. बाबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"चोरीची?"

"सगळे वापरतात, बाबा."

"सगळे वापरत असतील. वाचनालयाच्या पुस्तकासाठी नको." आणि पुन्हा जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी सहकारी बाईंनाही मी तेच सांगितलं. त्याही नाही म्हणाल्या, कारण मात्र वेगळं. तोडलेल्या कॉपीने फार तर छापता येईल, पण मजकूर त्याच पेटीत राहील, दहा वर्षांनी पुन्हा हाच प्रश्न. मजकूर बाहेरच काढायला हवा, युनिकोडमध्ये. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी, सगळ्यांना खुली असलेली पद्धत. मला ते ठाऊक होतं. पण घरात एक तत्त्वनिष्ठ आणि ऑफिसात दुसरी, आणि मधे मी, जिला फक्त काम उरकायचं होतं! माझं डोकं भणभणलं.

उपाय बाबांच्या बॅगेत निघाला. त्यांनी ऑफिसात बारा पानं छापून घेतली होती. बाकीची का नाही? तर सरकारी कागद खाजगी कामाला वापरायचा नाही म्हणून त्यांनी स्वतःचे कागद नेले होते, ते बाराच उरले होते. ती बारा पानं आणि स्क्रीनवरची ती टोप्याशेपट्यांची अक्षरं शेजारीशेजारी ठेवून, कुठल्या खुणेचं कुठलं अक्षर हे शोधायचं आणि तक्ता करायचा. मग त्या तक्त्यावरून बाकीची दोनशे पानं प्रोग्राम बदलून देईल.

जूनपासून दर रविवारी दुपारी त्या बाई माझ्या एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी बाबांना काय म्हणायचं हा प्रश्न आला. मी म्हटलं, आमच्याकडे 'काका' म्हणतात. त्या लाल झाल्या आणि म्हणाल्या, ते मला जमणार नाही. खूप आग्रह केल्यावर सांगितलं, की जर्मनीत लहान मुलं 'शी'ला 'काका' म्हणतात. मग त्यांनी आपल्या पद्धतीने 'हेर बाबा', म्हणजे 'श्रीयुत बाबा', सुरू केलं. बाबा मला हळूच म्हणाले, "मी हेर काहून? मी कोणाची हेरगिरी केली?"

बाईंना मराठी येत नव्हतं, बाबांचं इंग्रजी सरकारी पत्रांपुरतं. दोघांच्या मधे मी दुभाषी. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी का येते आणि बोलताना नंतर का, हे बाईंना कळेना. बाबांनी पेन्सिलने 'कि' दहा वेळा काढून दाखवला. रफारावर तर अख्खा एक रविवार गेला. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये रफार अक्षरानंतर टाइप होई, युनिकोडमध्ये तो आधी हवा. 'कर्म'चं 'कमर्' व्हायचं, 'धर्म'चं 'धमर्'. बाबा स्क्रीन बघून कळवळायचे. जोडाक्षरांचे तुकडे तर असे, की 'क्ष'साठी तीन वेगवेगळ्या खुणा सापडल्या.

"हे ज्याने केलं त्याला माहीत होतं," बाई टेबलावर बोट आपटत म्हणायच्या. "त्याच्याकडे हा तक्ता आहे. एका पानाचा! तो देत नाही म्हणून तीन मोठी माणसं इथे बसून कोडं सोडवतायत."

"तुम्ही दोघांनी ऐकलं असतं तर कधीच झालं असतं," मी म्हणायचे. मग चहा करायला उठायचे.

जुलैच्या सुरुवातीला तक्ता जवळजवळ पुरा झाला आणि बाईंनी नवीन टूम काढली. हा प्रोग्राम इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवायचा. मी व्हिसावर होते. ग्रीन कार्डाचे कागद विद्यापीठामार्फत गेलेले. अमेरिकेत सॉफ्टवेअरचं कुलूप तोडण्याविरुद्ध कायदा आहे आणि मला कोणाच्या नजरेत यायचं नव्हतं.

"आपण कुलूप तोडलेलं नाही. अक्षरं वाचली आहेत," त्या म्हणाल्या. "युरोपात तर दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलावेत म्हणून आतलं उघडून बघायलाही कायदा परवानगी देतो."

"आपण युरोपात नाही आहोत!"

शेवटी विद्यापीठाच्या कायदा विभागाला विचारायचं आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत प्रोग्राम बाबांच्या फाइलवरही चालवायचा नाही, असं ठरलं. त्यांनी ईमेलने एक फॉर्म पाठवला, बाईंच्या नावाने. मी वाट बघत राहिले. एक आठवडा गेला, दोन गेले. बाबांचं परतीचं तिकीट सतरा ऑगस्टचं. तिसऱ्या आठवड्यात मी बाईंना विचारलं, की अजून उत्तर कसं नाही?

"मी त्यांना लिहिलंय, फॉर्म खुल्या स्वरूपात पाठवा म्हणून. त्यांनी पाठवलेली फाइल एकाच कंपनीच्या प्रोग्राममध्ये उघडते. सार्वजनिक विद्यापीठाने असं करू नये."

मी बोलले ते इतक्या मोठ्याने, की विभागातले सगळे वळून बघायला लागले. काय बोलले ते आता नीट आठवत नाही. 'माझे वडील' हे शब्द त्यात बरेचदा होते. मी तो फॉर्म माझ्या मशीनवर उघडला, छापला, पेनाने भरला, बाईंपुढे सहीला धरला. त्यांनी सही केली, पण ओठ घट्ट मिटून. उन्हातून चालत जाऊन मी तो स्वतः कायदा विभागात दिला. तिथल्या बाईंनी तो हातात घेतला आणि विचारलं, "हे ईमेलने पाठवता आलं असतं ना?"

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, छत्तीस वर्षं अर्जांमध्ये काढलेला माणूस, माझी बाजू घेईल.

बाबा विचार करून म्हणाले, "अर्ज कुठल्या नमुन्यात द्यायचा हे ऑफिसने सांगावं. पेन कुठल्या कंपनीचं हे ऑफिसने सांगू नये. मॅडमचं बरोबर आहे."

"बाबा, तीन आठवडे गेले!"

"ते चूक आहे," ते म्हणाले. "त्यांनी आधी अर्ज द्यायचा आणि मग तक्रार करायची. आम्ही तसंच करायचो."

मी त्या रविवारी बाईंना बोलावलं नाही. त्या तरीही आल्या, सायकलला पिशवी लावून, पिशवीत चेरी. दारातच म्हणाल्या, की माझा मुद्दा मी सोडत नाही, पण वेळ तुमचा होता, तो मी विचारात घेतला नाही. मी बाजूला झाले. बाबांनी आतून आवाज दिला, "या, या. ज्ञ राहिलाय."

कायदा विभागाचं उत्तर आलं ते दोन ओळींचं. हे तुमचं खाजगी काम दिसतं, आमची हरकत नाही. एवढ्यासाठी!

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात प्रोग्राम दोनशेबारा पानांवर चालवला. बाबा खुर्ची ओढून बसले आणि वाचत राहिले, पान बदलायला मला बोटाने खूण करत. चाळीसेक शब्द चुकले होते, ते हाताने दुरुस्त केले. एके ठिकाणी ते थांबले. वाचनालयाला पहिलं पुस्तक देणाऱ्या बाईंचं नाव बरोबर उमटलं होतं, रफारासकट. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पुढे."

सीडी पुन्हा शर्टाच्या खिशात घालून बाबा नागपूरला गेले. आठवड्याने फोन आला. आवाजावरूनच कळलं.

"प्रेसवाला म्हणतो, युनिकोड चालत नाही. त्याच्या मशीनवर नुसते चौकोन दिसतात. तो म्हणतो, जुन्या फॉन्टमध्येच द्या."

मी फोन कानाला धरून जमिनीवर बसले. त्या काळात नागपुरातच काय, पुण्यामुंबईतसुद्धा बहुतेक छापखाने त्यांच्या त्यांच्या जुन्या फॉन्टवरच अडकलेले होते आणि हे माझ्या, मॅडमच्या, कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. उलटा तक्ता करावा, तर प्रेसचा फॉन्ट तिसऱ्याच कंपनीचा. शेवटी बाबांनी एका सायबर कॅफेत आमच्या फाइलचे कागदी प्रिंट काढून घेतले आणि प्रेसमधल्या बाईंनी दोनशेबारा पानं पहिल्यापासून पुन्हा टाइप केली. पुस्तक दसऱ्याला स्टॉलवर लागलं. मुखपृष्ठाचा रंग बाबांना आवडला नाही. तीनशे प्रती दोन दिवसांत गेल्या.

ऑफिसात बाईंना प्रेसची गोष्ट सांगितली तेव्हा मला वाटलं त्या भाषण देतील. त्या डोकं हातात धरून बसल्या. मग आम्ही दोघी हसायला लागलो, ते हसणं फारसं आनंदाचं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्या जर्मनीला परत गेल्या. जाण्याआधी प्रोग्राम इंटरनेटवर ठेवला, माझ्या सांगण्यावरून माझं नाव वगळून. तेव्हापासून त्या मला अधूनमधून ईमेल पुढे पाठवू लागल्या. लातूरच्या एका शिक्षकांची, ज्यांच्या आईच्या ओव्या तशाच फाइलमध्ये अडकल्या होत्या. साताऱ्याच्या एका पतसंस्थेची. सगळ्यांचं पहिलं वाक्य थोड्याफार फरकाने एकच: लॉक हरवलं आहे.

बाबांनी मात्र वेगळंच सुरू केलं. माहितीच्या अधिकाराचा कायदा नवा होता. त्यांनी आपल्याच जुन्या ऑफिसला अर्ज केला, की त्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली पत्रं, आदेश, नोंदी किती आहेत आणि त्यांतल्या आज किती उघडतात? उत्तर आलं, 'सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही.' त्यांनी फोनवर मला ते वाचून दाखवलं, जावक क्रमांकासकट.

"सोडा ना आता, बाबा," मी म्हणाले. "पुस्तक निघालं. झालं."

"पहिलं अपील तीस दिवसांत करावं लागतं," ते म्हणाले. "मसुदा केलाय. ऐक."

मला मीटिंगला जायचं होतं. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, वाचा.